आपल्या काळाचा थर

(ज्युबिलीनिमित्त केळवे येथें धर्मग्रामवासीयांपुढें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें बोलावयास उभें राहावें आणि विषय काढावा प्लास्टिकचा, हें आपणांपैकीं कित्येकांना विचित्र वाटेल. अशा वेळीं पूर्वजांचें स्मरण करावें, देणगीदारांचे आभार मानावे, ही रीत आहे. आणि तें काम या स्मरणिकेच्या इतर पानांवर माझ्याहून योग्य मंडळींनीं केलेंच आहे. मला आज निराळ्याच एका स्मरणिकेविषयीं बोलावयाचें आहे. ती छापखान्यांत छापली जात नाहीं. तिचें मुद्रण आपल्या गांवाच्या पश्चिमेस, सुरूच्या बनापलीकडे, रात्रंदिवस चालूं आहे. तिच्यांत आपल्या पिढीची नोंद आपल्या परवानगीवांचून होत आहे, आणि एकदां झालेली नोंद खोडण्याची सोय तिच्यांत नाहीं.

आपल्या देवळाच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या असतात. त्यांचें एकेक पान उलटीत मागें गेलें कीं कोणतें कुटुंब केव्हां आलें, कोणतें कसें वाढलें, हें जाणत्या माणसास सहज कळतें. पृथ्वीचीही अशीच नोंदवही आहे. नद्या डोंगराची माती वाहून आणतात, समुद्र ती तळावर पसरतो, आणि एका सालच्या गाळावर दुसऱ्या सालचा गाळ निजतो. गाळाचा थर दाबला जाऊन कालांतरानें त्याचा खडक होतो. त्या थरांत जें सांपडलें, मग तो शंख असो, माशाचा कांटा असो, वा झाडाचें पान असो, तें त्या सालची साक्ष म्हणून राहतें.

ही नोंदवही कशी वाचावी, याचा पहिला नियम ज्यानें घालून दिला तो विद्वान पुढें आपल्याच धर्मसभेचा बिशप झाला, हें सांगतांना मला विशेष संतोष वाटतो. त्याचें नांव निकोलस स्टेनो. त्याचा जन्म १६३८ सालीं डेन्मार्कमध्यें झाला. तो शरीरशास्त्राचा पंडित म्हणून फ्लॉरेन्स येथें राहत असतां १६६६ सालीं इटलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांना एक प्रचंड मुशी मिळाली, आणि तेथील राजानें तिचें डोकें चिरफाडीसाठीं स्टेनोकडे पाठविलें. तिचे दांत पाहतांच स्टेनोच्या ध्यानीं आलें कीं, डोंगरांतल्या खडकांत जे जिभेच्या आकाराचे दगड लोकांना सांपडत आणि ज्यांविषयीं नाना दंतकथा सांगितल्या जात, ते दुसरें तिसरें कांहीं नसून पुरातन मुशींचे दांतच होत. म्हणजे जेथें आज डोंगर आहे तेथें एके काळीं समुद्र होता! १६६९ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत हा साधा नियम सांगितला: थरांवर थर असतील तर खालचा आधीचा व वरचा नंतरचा. आज जगांतील प्रत्येक भूगर्भशास्त्रज्ञ याच नियमानें चालतो. स्टेनो १६७५ सालीं धर्मगुरू झाला, १६७७ सालीं बिशप झाला, आणि १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्याला धन्यवादित म्हणून घोषित केलें.

आतां थरांचा हा ग्रंथ फार मोठा आहे. त्याचीं प्रकरणें पाडावयाचीं तर खूण पाहिजे. खूण म्हणून कशाला मान द्यावा याच्या शास्त्रज्ञांच्या कसोट्या स्थूलमानानें तीन आहेत. ती खूण पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणीं आढळली पाहिजे. ती थोडक्या काळांत उमटलेली असली पाहिजे. आणि ती टिकली पाहिजे. इटलींतील गुब्बियो गांवाजवळ चुनखडीच्या दोन थरांमध्यें मातीचा एक बोटभर पट्टा आहे. त्यांत इरिडियम नांवाची, पृथ्वीच्या पृष्ठावर दुर्मिळ असलेली धातू भरपूर सांपडली, आणि १९८० सालीं अल्वारेझ पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांगितलें कीं ही एका प्रचंड उल्केची राख होय. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं ती उल्का पडली, आणि डायनोसॉर नांवाचे महाकाय प्राणी त्या सुमारास नाहींसे झाले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपानें वाहत होता तो काळही हाच.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. मेघालयांतील मॉम्लूह गुहेंत छतांतून ठिबकणाऱ्या पाण्यानें जे चुन्याचे खांब घडले, त्यांच्यांत सुमारें ४,२०० वर्षांपूर्वींच्या एका दीर्घ अवर्षणाची खूण शास्त्रज्ञांस मिळाली. २०१८ सालीं त्या खुणेपासून पुढच्या काळाला ‘मेघालयन’ असें नांव अधिकृतपणें देण्यांत आलें. आपण सर्व जण, केळव्याचे असों वा कॅनडाचे, भूगर्भशास्त्राच्या पंचांगाप्रमाणें या मेघालयन काळांत राहतों.

मग प्रश्न असा येतो कीं, आपण स्वतः कोणती खूण मागें ठेवीत आहों? आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीं किल्ले बांधले. १७३९ सालीं मराठ्यांनीं ते जिंकले. आज त्यांचे पडके बुरूज उभे आहेत. खणणारा मनुष्य खापराच्या तुकड्यावरून त्या काळाचा अंदाज बांधूं शकतो. परंतु ती खूण फार तर एका प्रांताची. सर्व पृथ्वीभर, समुद्राच्या अगदीं तळापर्यंत, एकाच माणसाच्या आयुष्याइतक्या अवधींत उमटलेली खूण आपल्या आधींच्या कोणत्याही पिढीनें ठेविली नव्हती. ती आपण ठेवीत आहों, आणि तिचें नांव प्लास्टिक.

प्लास्टिकचा जन्म फार जुना नाहीं. १९०७ सालीं बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें बेकलाइट तयार केलें. ज्या पॉलिथीनच्या पिशव्या आपण रोज हाताळतों, तें पॉलिथीन १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत जवळजवळ अपघातानेंच निघालें. नायलॉन १९३५ सालचें. १९५० सालीं साऱ्या जगांत मिळून सुमारें २० लाख टन प्लास्टिक होत असे. त्यानंतर हा आंकडा असा वाढला कीं, २०१५ पर्यंत एकंदर सुमारें ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालें, आणि त्यांतलें निम्में शेवटच्या १३ वर्षांतलें होतें. त्यांपैकीं ६३० कोटी टन तोंवर कचरा होऊन गेलें होतें. या कचऱ्यांतला शेंकडा ९ भाग तेवढा पुन्हां वापरांत आला, शेंकडा १२ भाग जाळला गेला, आणि उरलेला शेंकडा ७९ भाग उकिरड्यांत, जमिनींत आणि पाण्यांत राहिला. एकट्या २०१० सालीं किनाऱ्यावरील देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रांत गेलें असावें, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

हें सारें प्लास्टिक जातें कोठें? लाकूड कुजतें, लोखंड गंजतें, कातडें किडे खातात. निसर्गाला या वस्तूंची ओळख आहे. प्लास्टिकची ओळख त्याला नाहीं. म्हणून प्लास्टिक कुजत नाहीं, तें झिजतें. उन्हानें तें ठिसूळ होतें, लाटा तें आपटतात, वाळू तें जात्याप्रमाणें दळते. बाटलीचे चार तुकडे होतात, चारांचे चाळीस, चाळिसांचे चार हजार. परंतु शेवटचा कणही प्लास्टिकच असतो. पांच मिलिमीटरांहून लहान अशा तुकड्यांस सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. हें नांव रूढ झालें तें इंग्लंडांतील प्लिमथ येथील रिचर्ड थॉम्प्सन यांच्या २००४ सालच्या निबंधामुळें. त्यांनीं १९६०च्या दशकापासून जपून ठेविलेले समुद्रांतील सूक्ष्म जीवांचे नमुने पुन्हां तपासले, आणि जसजशीं वर्षें पुढें सरकलीं तसतसे त्यांत प्लास्टिकचे तंतू वाढत गेलेले त्यांना दिसले.

कांहीं कण तर जन्मतःच बारीक असतात. कारखान्यांत प्लास्टिकच्या वस्तू ज्या कच्च्या दाण्यांपासून ओततात, ते दाणे दिसावयास थेट साबुदाण्यासारखे असतात. २०२१ सालीं ‘एक्सप्रेस पर्ल’ जहाज श्रीलंकेजवळ जळालें, तेव्हां सुमारें १,६८० टन दाणे समुद्रांत सांडले. २०२५च्या मे महिन्यांत ‘एमएससी एल्सा ३’ जहाज केरळजवळ बुडालें, तेव्हां तेथील वाळूवर असेच दाणे पसरले. आणि बारीक तंतूंचा उगम तर आपल्या घरांतच आहे. सिंथेटिक कपडे धुतले कीं त्यांचे तंतू सुटतात. प्लिमथ येथेंच २०१६ सालीं केलेल्या प्रयोगांत ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यांतून ७ लाखांहून अधिक तंतू सुटूं शकतात असें आढळलें. आपल्या घरांतलें सांडपाणी गटारांत, गटारांतून खाडींत, आणि खाडींतून समुद्रांत जातें. त्याच्या वाटेवर या तंतूंना अडविणारें कांहीं नाहीं.

आपले वडीलधारे म्हणत कीं समुद्र पोटांत कांहीं ठेवीत नाहीं. जें टाकाल तें परत आणून देतो. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा सुटला कीं आपल्या किनाऱ्यावर चपला, बाटल्या, थर्माकोल यांची जी रांग लागते ती पाहिली म्हणजे हें बोलणें खरें वाटतें. परंतु तें पुरतें खरें नाहीं. हलक्या प्लास्टिकवर शेवाळ व बारीक शिंपले धरतात आणि तें जड होऊन बुडतें. सूक्ष्म कण समुद्रांतले जीव अन्न समजून गिळतात आणि त्यांच्या विष्ठेबरोबर ते कण खालीं जातात. एकदां ते तळाच्या चिखलांत पुरले गेले कीं तेथें ऊन नाहीं, लाट नाहीं, प्राणवायूही फारसा नाहीं. म्हणजे झिजवणारें कोणीच नाहीं. वर ज्याचे तुकडे होतात तेंच खालीं जतन होतें. समुद्र परत आणून देतो तो दिसणारा भाग. जो ठेवून घेतो तो आपल्याला दिसत नाहीं इतकेंच.

याचा पुरावा काय, असें आपण विचाराल. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांता बार्बरा येथें समुद्रतळाचा गाळ वर्षागणिक पातळ थरांनीं, जणूं पुस्तकाच्या पानांसारखा, सांचतो. तेथें नळी रोवून शास्त्रज्ञांनीं गाळाचा एक खांब वर काढला. त्यांत १८३४ ते २००९ पर्यंतचीं सालें ओळीनें वाचतां येत होतीं. १९४५ नंतरच्या पानांत प्लास्टिकचे कण वाढत चालले होते, आणि त्यांची संख्या दर पंधरा वर्षांनीं दुप्पट होत गेली होती. त्यांत बहुतेक तंतूच होते, म्हणजे कपड्यांचे वा तत्सम वस्तूंचे. हा शोध २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. प्रशांत महासागरांतल्या मेरियाना गर्तेंत, जेथें पाणी सर्वांत खोल आहे तेथें, १०,८९८ मीटर खोलीवर एक प्लास्टिकची पिशवी यंत्राच्या डोळ्यास दिसली. ती १९९८ सालीं. हवाई बेटांत कामिलो नांवाच्या किनाऱ्यावर शेकोटीच्या आंचेनें वितळलेलें प्लास्टिक, वाळू, शंख व लाव्हाचे खडे यांचा मिळून एक नवाच दगड झाला; २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यास स्वतंत्र नांव दिलें. आपल्या देशाच्या अंदमान बेटांवरही असे दगड आढळले आहेत.

हें सर्व पाहून कांहीं शास्त्रज्ञांनीं असें सुचविलें कीं आपल्या काळाला ‘मानवयुग’ म्हणावें. हा विचार २००० सालीं रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनीं जोरानें मांडला. २००९ सालीं एक अभ्यासमंडळ नेमलें गेलें. मंडळानें असा निर्णय केला कीं हें युग विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होतें, आणि २०२३ सालीं कॅनडांतील क्रॉफर्ड सरोवराचा गाळ त्याचा नमुना म्हणून पुढें ठेविला. मुख्य खूण म्हणून त्यांनीं प्लास्टिक नव्हे, तर अणुबॉम्बच्या चांचण्यांतून जगभर पडलेलें प्लुटोनियम घेतलें. तारापूरचें अणुवीज केंद्र आपल्या जवळच असल्यामुळें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं या खुणेशीं त्याचा संबंध नाहीं. तें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, आणि ही खूण त्यापूर्वींच्या बॉम्बस्फोटांची आहे. प्लास्टिक, कोळशाची काजळी, खतांतला नत्र, या जोडीच्या खुणा होत. परंतु २०२४च्या मार्चमध्यें भूगर्भशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय समितीनें हा प्रस्ताव बहुमतानें फेटाळला. अवघ्या सत्तर वर्षांचा काळ युग म्हणून मोजण्यास फार थोडका आहे, आणि मनुष्याने पृथ्वीवर हात फिरविण्यास शेती सुरू केली तेव्हांपासूनच आरंभ झाला, असे आक्षेप घेतले गेले.

म्हणजे पंचांगाप्रमाणें आपण अजून मेघालयन काळांतच आहों. पण बंधुभगिनींनो, नांव नाकारलें गेलें. थर नाकारला गेला नाहीं. बाप्तिस्म्याची नोंद राहिली म्हणून मूल जन्मलेंच नाहीं असें होत नाहीं. नांव समिती देवो वा न देवो, गाळ आपलें काम करीत आहे.

आतां दूरचे देश सोडून आपल्या किनाऱ्याकडे वळूं. मुंबईच्या जुहू, वर्सोवा, दादर व आक्सा या चार किनाऱ्यांची वाळू केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या संशोधकांनीं तपासली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें एका चौरस मीटर वाळूंत सरासरी ६८ हून अधिक प्लास्टिकचे तुकडे निघाले. आपल्या उत्तरेस, खंभातच्या आखाताकांठीं, अलंग येथें जुनीं जहाजें तोडतात. तेथील गाळांत एका किलोमागें सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचा चुरा सांपडल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. गोव्यांतील साळ नदीच्या मुखाशीं पाणी, गाळ आणि खाण्याचे शिंपले या तिन्हींत सूक्ष्म प्लास्टिक आढळलें. एक दक्षिणेस महानगर, एक उत्तरेस आखात. आपलें केळवें या दोहोंच्या मध्यें आहे. भरतीओहोटीचें पाणी तालुक्याची सीमा पाळीत नाहीं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाहीं. आपल्या मुलांना घेऊन एक प्रयोग करा. बादलीभर पाण्यांत मीठ विरघळेनासें होईपर्यंत मीठ घाला. भरतीच्या रेषेवरील दोन ओंजळी वाळू त्यांत टाका, ढवळा, आणि घटकाभर थांबा. वाळू तळाशीं बसेल. पॉलिथीन, थर्माकोल, नायलॉनचे दोर यांचे कण असतील तर ते वर तरंगतील, कारण खारट केलेलें पाणी त्यांच्याहून जड आहे. बाटलीचें प्लास्टिक मात्र तळाशींच राहील. म्हणून वर दिसेल तें सर्व नव्हे, हें मुलांना सांगा. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत प्रथम करतात तें हेंच.

यांत दोष कोणाचा? मी येथें कोणास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा करण्यासाठीं बोलत नाहीं, आणि गरिबास दटावणें तर मला मुळींच नको. आपल्या कोळी बांधवांचेंच पाहा. पूर्वीं जाळीं तागाचीं आणि सुताचीं असत. तीं कुजूं नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यांत बुडवावीं लागत, रोज वाळवावीं लागत, आणि तरीही तीं लौकर जात. विणणाऱ्या बायकांचीं बोटें आणि ओढणाऱ्या पुरुषांचे खांदे त्यांत झिजले. नायलॉन आलें आणि जाळें हलकें झालें, चिवट झालें, वाळविण्याचा त्रास सरला. ही केवढी सुटका होती, हें ज्यानें ओलें तागाचें जाळें ओढलें असेल त्यालाच ठाऊक. पण ज्या गुणासाठीं आपण नायलॉन घेतलें तोच गुण त्याचा दोष झाला. तागाचें तुटलेलें जाळें चिखलांत पडलें कीं थोड्या काळांत चिखल होऊन जाई. नायलॉनचा तुटका तुकडा तसाच राहतो, मासे अडकवीत राहतो, आणि झिजला तर तंतू होऊन थरांत जातो.

तीच गोष्ट पानमळेवाल्यांची आणि बाजारहाटाची. विड्याचीं पानें केळीच्या पानांत गुंडाळून सोपटानें बांधली जात; मासळी टोपलींत नेली जाई; लग्नाच्या पंगती पत्रावळींवर उठत. तें सारें उकिरड्यावर गेलें तरी दोन पावसाळ्यांत खत होई. त्या काळीं लोक आपल्याहून शहाणे होते म्हणून असें नव्हे. त्यांच्या हातांत कुजणाऱ्याच वस्तू होत्या म्हणून. आपल्या हातांत न कुजणाऱ्या वस्तू आल्या, पण आपली टाकण्याची संवय मात्र पूर्वींचीच राहिली. सारा घोटाळा येथें आहे.

आणि ही बाब केवळ पुढील युगांतल्या पंडितांची नव्हे. समुद्रांतलें आपल्या ताटांत येतें. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनीं २०१८ सालीं बाजारांतील मिठाच्या पुड्या तपासल्या आणि मिठांत सूक्ष्म प्लास्टिक आढळल्याचें सांगितलें. त्याच निबंधांत एक दिलाशाची गोष्टही होती: मीठ करण्यापूर्वीं समुद्राचें पाणी साध्या वाळूंतून गाळलें तर वजनानें शेंकडा ८५हून अधिक प्लास्टिक अडतें. मनुष्याच्या रक्तांत प्लास्टिकचे कण सांपडल्याचें २०२२ सालीं हॉलंडच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. या कणांनीं शरीराला नेमका किती अपाय होतो याचा अभ्यास अजून चालूं आहे. म्हणून मी कोणास भीति घालीत नाहीं, आणि कोणीं मासळी खाणें सोडावें असेंही सांगत नाहीं. बोंबील आणि जवळा यांवर आपल्या किनाऱ्याचें घर चालतें. पण ज्या डोलींत बोंबील येतो त्याच डोलींत प्लास्टिकच्या पिशव्या येतात, ही गोष्ट समुद्रावर जाणारा प्रत्येक जण जाणतो.

मग करावें काय? येथें मला माझ्या व्याख्यानाचें सार सांगावयाचें आहे. जें प्लास्टिक तळाच्या चिखलांत गेलें तें पृथ्वीवरील कोणतीही शक्ति आतां वेंचून काढूं शकत नाहीं. तो थर पडला. त्याबद्दल हळहळत बसण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच्यावरचा थर, म्हणजे येत्या पंचवीस वर्षांचा थर, अजून पडावयाचा आहे. तो किती जाड पडावा, हें मात्र आपल्या हातीं आहे. कारण समुद्रांत गेलेला कण उचलतां येत नाहीं, पण वाळूवरची बाटली उचलतां येते. बाटली ही हजारों कणांची बंद मूठ आहे. ती उघडण्यापूर्वीं पकडली पाहिजे.

कायद्यानें आपलें काम कांहीं अंशीं केलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या व पेले यांवर बंदी घातली. २०२२च्या जुलैपासून एकदांच वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण किती दुकानांत ती दिसते, हें मी आपणांस सांगावयास नको. जेथें लोकांनीं मनावर घेतलें तेथें मात्र फळ दिसलें. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलानें २०१५ सालीं कचरा वेंचण्यास आरंभ केला; हजारों लोक त्याला मिळाले. केरळांत कोल्लम जिल्ह्यांतल्या मच्छिमारांनीं २०१७ पासून जाळ्यांत आलेलें प्लास्टिक परत समुद्रांत न टाकतां बंदरावर आणण्यास सुरुवात केली, आणि त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरांत घालण्यांत आला. तेही आपल्यासारखेच कष्टकरी लोक होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनींही २०१५ सालच्या आपल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत, सृष्टीच्या जपणुकीचीं लहानसहान रोजचीं कामें मोजतांना, प्लास्टिकचा वापर टाळणें हें एक म्हणून सांगितलें आहे.

म्हणून ज्युबिलीची आठवण म्हणून मी आपणांपुढें चार गोष्टी ठेवतों. त्या मोठ्या नाहींत. पहिली: देवळाच्या सणाचें, लग्नाचें व मरणाचें जेवण पत्रावळीवर किंवा धातूच्या ताटांतच व्हावें, तशीं ताटें व पेले धर्मग्रामाच्या भांडारांत ठेवावे आणि ज्याच्या घरीं कार्य असेल त्यानें ते न्यावे. दुसरी: होडींत एक गोणी राहावी, आणि डोलींत आलेलें प्लास्टिक व जाळ्यांचे तुटके तुकडे तींत भरून किनाऱ्यावर आणावे. तीं नेण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीकडून करून घेणें हें मंडळींचें व माझें काम. तें आम्हीं अंगावर घेतलें पाहिजे. तिसरी: प्लास्टिक पेटवून देणें बंद व्हावें. धूर आपल्या छातींत जातो आणि उरलेला गोळा वाळूंत जातो. अशा गोळ्यांचेच ते नवे दगड होतात. चौथी: पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां व संपल्यावर एकदां, खाडीच्या तोंडापासून सुरूच्या बनापर्यंत सर्वांनीं मिळून किनारा वेंचावा, आणि काय सांपडलें, किती गोण्या निघाल्या, याची नोंद मुलांनीं एका वहींत करावी.

ही चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पर्यटक टाकून जातात, मग आम्हीं कां वेंचावें, असें कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, आणि टाकणाऱ्यास दंड व्हावा हेंही रास्त आहे. पण पर्यटक रविवारीं येऊन जातो. थर पडतो तो आपल्या दारीं. त्या वहीचीं पानें वर्षें गेलीं तशीं भरत जातील. गोण्या कमी होत गेल्या तर मुलांना तें आपल्या डोळ्यांनीं दिसेल. वाढत गेल्या तर तेंही दिसेल, आणि तेव्हां कोणास सबब सांगतां येणार नाहीं.

पुढच्या ज्युबिलीला आपणांपैकीं कित्येक नसतील. मीही बहुधा नसेन. त्या वेळचीं माणसें ही स्मरणिका उघडतील आणि आपण काय बोललों तें वाचतील. आपण काय केलें हें मात्र त्यांना मुलांच्या वहींत आणि किनाऱ्याच्या वाळूंत वाचावें लागेल. स्टेनोच्या नियमाप्रमाणें खालचा थर आपला असेल आणि वरचा त्यांचा. वरचा थर खालच्याहून पातळ निघावा, एवढीच आपणां सर्वांजवळ माझी मागणी आहे.